के वर्गाच्या वाफेवरच्या पाणबुड्या: चूक आराखड्याची की मागणीची?

डोलकाठी

पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश के वर्गाचा विषय निघाला की पाणबुडीला धुराडी बसवणाऱ्यांना वेड्यात काढून लोक मोकळे होतात. 17 बांधल्या, 6 अपघातांत बुडाल्या, शत्रूच्या हातून एकही नाही. आकडे मान्य. खापर आराखडा काढणाऱ्यांवर फोडणं मात्र पटत नाही.

मागणी काय होती? युद्धनौकांच्या ताफ्याबरोबर पळेल अशी पाणबुडी, म्हणजे पाण्यावर 24 नॉट (ताशी सुमारे 44 किमी). त्या वेळचं व्हिकर्स कंपनीचं डिझेल इंजिन एका सिलिंडरमागे 100 अश्वशक्ती देई. आधीच्या ‘जे’ (J) वर्गाच्या पाणबुड्यांत 12 सिलिंडरांची तीन इंजिनं घातली, 3,600 अश्वशक्ती मिळाली आणि बोट 19 नॉटवर अडकली. के वर्गाला हवी होती 10,500. असली 105 सिलिंडरं कोंबणार कुठे? तेलावरचे दोन यारो बॉयलर आणि गिअरची टर्बाइनं, 1915 साली एवढीच वाट उरली होती. 103 मीटर लांबीच्या, 1,980 टनी बोटीनं 24 नॉट गाठले. मागितलं ते मिळालं. मागणीच अचाट असेल तर जाब ॲडमिरल्टीला, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या मुख्यालयाला, विचारा.

उलटतपासणी

मागितली होती पाणबुडी, मालक! बुडी मारायची तर आधी काय काय करावं लागे ते सांगा की. बर्नर बंद. बॉयलरखोलीतली माणसं बाहेर, दारं बंद. दोन्ही धुराडी आडवी पाडायची, भोकांवर झाकणं बसवायची. हवा आत घेणारे चार व्हेंटिलेटर, प्रत्येकी 37 इंच व्यासाचे, हायड्रॉलिकनं मिटवायचे. टर्बाइन सोडवून विजेच्या मोटरवर यायचं. सगळं मिळून साधारण पाच मिनिटं. के-8 नं हे काम 3 मिनिटं 25 सेकंदांत उरकलं तर तो विक्रम ठरला.

आणि एक जरी तोंड उघडं राहिलं तर? 29 जानेवारी 1917 ला स्कॉटलंडच्या गेअरलॉकमध्ये के-13 ची चाचणी चालू होती. बुडी मारली आणि बॉयलरखोली भरली. नंतर तपासलं तेव्हा चारही व्हेंटिलेटर उघडे. हिशोब करून बघा: चौघांचं मिळून तोंड 2.8 चौरस मीटर, वर पाच मीटर पाणी, म्हणजे सेकंदाला 15 टनांहून जास्त पाणी आत. पंप काय करणार? आत 80 माणसं होती, त्यांतली 32 गेली. उरलेल्यांना हवेची नळी जोडून जगवलं, नाळ (बोटीचं पुढचं टोक) पाण्याबाहेर उचलली, पत्रा कापला आणि 57 तासांनी बाहेर काढलं.

डोलकाठी

व्हेंटिलेटर उघडे राहिले ही हाताळणीतली चूक. इंजिनखोलीचं एक हॅचही उघडंच सापडलं, ते तर वाफेमुळे नव्हतं ना? तीच बोट वर काढून के-22 नावानं पुन्हा सेवेत घेतली आणि ती चालली.

तांडेल

तुम्ही दोघं धुराड्यांतच अडकलात. खरी गोम लांबीत आहे. या बोटींची सुरक्षित खोली 200 फूट, म्हणजे 61 मीटर. बोट 103 मीटर. नाळ 30 अंश खाली झुकली की शेपटी पाण्याच्या पातळीला असतानाच नाळ 51 मीटरवर. स्टोक्स बेमध्ये के-3 नं तेच केलं: तोंड 150 फुटांवर चिखलात आणि मागचे पंखे हवेत गरगरताहेत. त्या वेळी आत पुढे सहावा जॉर्ज झालेला राजपुत्रही होता.

पाण्याखाली 8 नॉटनं जाताना 10 अंशांचा कल आला तरी बोट मिनिटाला 43 मीटर खाली जाते. वीस मीटरवर असाल तर तळाची मर्यादा गाठायला एक मिनिटही लागत नाही. एवढ्या लांबलचक धुडाला हायड्रोप्लेन (बोट वर-खाली वळवणारी आडवी सुकाणूं) वळवून सावरेपर्यंत काय उरतं? डिझेलची असती तरी 103 मीटरच्या बोटीत हे दुखणं राहिलंच असतं.

डोलकाठी

हे खरं, आणि मी म्हणतो तेच. लांबी आली वेगापायी, वेग आला मागणीपायी.

बाष्पराव

वाफेचा एक त्रास राहिला. नाळ इतकी बसकी की वेगात असताना लाटा थेट अंगावर येत. पाणी धुराड्यांतून उतरून बॉयलरचा जाळ विझवी. मग नाळेवर फुगीर, हंसासारखा उंचवटा चढवावा लागला. डेकवरच्या दोन टॉर्पेडो नळ्याही काढून टाकल्या. हे बदल बोटी समुद्रात उतरल्यावर सुचले, म्हणजे कागदावर लाटांचा विचार नीट झालाच नव्हता. याला मागणी जबाबदार नाही.

आणि के-15 बघा. जून 1921, पोर्ट्समथ, बोट नुसती बांधून ठेवलेली. उन्हानं हायड्रॉलिकचं तेल फुगलं, गार पडल्यावर आकसलं, दाब उतरला आणि बुडी मारताना पाणी घ्यायच्या टाक्यांची व्हेंट (हवा सोडणारी झडपं) आपोआप उघडली. बोट जागच्या जागी बसली. दाब गेला की व्हेंट मिटलेलंच राहिलं पाहिजे, हा साधा नियम. इथं उलटं होतं. हे ड्रॉइंग बोर्डावरचंच पाप.

डोलकाठी

के-15 बाबत हात टेकले. पण सगळ्यात जास्त माणसं मेली ती स्कॉटलंडच्या ‘मे’ नावाच्या बेटापाशी, 31 जानेवारी 1918 च्या रात्री. तिथं कुणी बुडी मारत नव्हतं. दिवे मालवलेले, मागे फक्त एक मंद निळा दिवा, रेडिओ बंद आणि वेग 20 नॉटच्या आसपास. समोर सुरुंग काढणारे ट्रॉलर दिसले, के-14 वळली आणि तिचं सुकाणू अडकलं. के-22 तिच्यावर आदळली, के-22 ला इन्फ्लेक्सिबल या युद्धनौकेनं ठोकलं. मागून येणाऱ्या पाणबुड्यांच्या तुकडीची क्रूझर फिअरलेस के-17 वर आली, के-4 ला के-6 नं कापलं. शंभरावर माणसं गेली. यात बॉयलरचा काय दोष?

उलटतपासणी

अडकलेलं सुकाणू कोणी काढलं होतं? ताफ्यानं? शिवाय शंभर मीटरहून लांब बोटी, बोट हाकायचा ब्रिज बुटका, वळायला वेळ, आणि त्या क्रूझरांच्या रांगेत घुसवल्या. जहाजासारखं पळायला बनवलं म्हणजे जहाजासारखंच वापरलं जाणार, हे आराखडा करतानाच कळायला हवं होतं.

तांडेल

एक भर. के-26 चे दाखले कुणी दिले नाहीत. 1923 मध्ये पूर्ण झाली, टाक्यांची रचना बदलली, पुढे 21 इंची सहा टॉर्पेडो नळ्या. 3 मिनिटं 12 सेकंदांत 80 फुटांवर. बॉयलर, धुराडी तीच, लांबी तर थोडी जास्तच. कोलंबो-सिंगापूरपर्यंत जाऊनही आली. 1931 मध्ये मोडीत गेली ती 1930 च्या लंडन नौदल तहातल्या पाणबुड्यांवरच्या 2,000 टनांच्या मर्यादेमुळे, अपघातामुळे नव्हे.

उलटतपासणी

म्हणजे सतरा बोटींवर शिकून अठरावी जमली. मग पहिल्या सतरांना आराखडा म्हणायचं की तालीम?

डोलकाठी

तालीमच म्हणा. पण युद्ध चालू असताना दोन-तीन बोटी आधी समुद्रात तपासून बघायची सवड न देता एकदम एवढ्या मागवल्या कुणी, तेही लिहा.