चोर्ला घाटात एफआय स्कूटर ओढत नाही. उंचीमुळे, की दुसरंच काही?

साखळीकर:
नमस्कार मंडळी. माझी ११० सीसीची स्कूटर आहे, २०२० ची, बीएस६, म्हणजे एफआय, फ्युएल इंजेक्शनवाली. ३१ हजार किलोमीटर झालेत. मुलगी बेळगावला हॉस्टेलवर राहून शिकते, म्हणून एक शनिवार सोडून एक शनिवार मी आणि बायको साखळीहून चोर्ल्यावरून जाऊन येतो. पायाशी दोन नारळ, सोलं, डब्यांची पिशवी. पहिलं वर्षभर गाडीने कधी कुरकुर केली नाही. यंदा दिवाळीनंतर मात्र घाटाच्या पायथ्याचं केरी सोडून पहिली वळणं लागली की गाडी दमते. पूर्ण रेस दिली तरी काटा २५ च्या वर सरकत नाही. मागे बस येऊन हॉर्न वाजवायला लागली की बायको माझा खांदा घट्ट धरते.

गॅरेजवाला म्हणतो, घाटात हवा पातळ असते, जेट बदलून देतो. मेहुणा म्हणतो, एफआयला उंचीचा फरकच पडत नाही. खरं काय धरायचं? पावसाळ्याआधी हे निस्तरायचं आहे, कारण त्या धुक्यात २५ च्या वेगाने घाट चढायला मला भीती वाटते.

पेडण्याचा वाटसरू:
तुमचा मेहुणा अर्धा बरोबर आहे. मी एफआय स्कूटर लेहला चालवली आहे. ३५०० मीटरवर सकाळच्या थंडीत पहिल्या बटणाला सुरू व्हायची, काळा धूर नाही, प्लग ओला नाही. पण ताकद गेलेली कळायची. तिथे हवेचा दाब आपल्या किनाऱ्याच्या सुमारे ६५ टक्केच असतो. ११० सीसीला मुळात पावणेआठ बीएचपी, त्यातले उरतात पाच. चढावर मागे माणूस घ्यायची हिंमत झाली नाही.

मेस्त्री, डिचोली:
साखळीकरबाब, सगळ्यात आधी, जेट बदलून देतो म्हणणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका. तुमच्या गाडीत जेट नाहीच. जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक नळी, जुन्या गाड्यांच्या कार्बोरेटरला असतं. त्याचं भोक ठरलेलं, त्यामुळे वर हवा विरळ झाली तरी पेट्रोल जवळजवळ तेवढंच जातं. मग मिश्रण जड होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, प्लग काळा पडतो, ॲव्हरेज घसरतं.

एफआयमध्ये हे काम ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर करतो. बहुतेक गाड्यांत थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेवर, दाबाचा सेन्सर असतो. चावी फिरवलीत की पेट्रोल पंप क्षणभर घूं करतो ना? त्याच वेळी, इंजिन फिरायच्या आधी, तो सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब वाचून घेतो. हवेचं तापमान दुसरा सेन्सर सांगतो, आणि सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर जळलेल्या वायूवरून चूक दाखवतो. या सगळ्यावरून पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरतं. हवा कमी, तर पेट्रोल कमी. प्रमाण बिघडत नाही. पण गेलेली हवा कुठलाही ईसीयू परत आणून देत नाही. कमी हवा, कमी पेट्रोल, मग जोरही कमी.

आता हिशोब करू. चोर्ला साधारण ८०० मीटरवर. तिथे दाब ९ टक्क्यांच्या आसपास कमी. खाली ३५ अंश आणि वर २५ अंश असलं तर थंड हवा घट्ट असते, म्हणून त्यातले तीनेक टक्के परत मिळतात. म्हणजे माथ्यावर तुमची गाडी सहा-सात टक्के ताकद गमावते. ४० ने चढणारी गाडी तेवढ्याने २५ वर येत नाही.

आणि तुमच्याच लिहिण्यातली एक गोष्ट बघा. गाडी दमते कुठे, तर केरी सोडल्यावर पहिल्याच वळणांना. केरी म्हणजे जवळजवळ तुमच्या साखळी गावाचीच उंची हो! तिथे हवा पातळ व्हायला अजून कितीतरी चढायचं असतं. उंचीचा दोष असता तर खाली गाडी ठीक चालली असती आणि वर जाताजाता मंदावली असती. बेळगावही साडेसातशे मीटरवर आहे, म्हणजे तिथल्या सपाट रस्त्यावरही ती तेवढीच मलूल वाटायला हवी. वाटते का?

मला संशय एअर फिल्टरचा आणि बेल्टचा. आपला हा खाणपट्टा. खनिजाचे ट्रक चालू असले की लाल धूळ कुठे शिरत नाही? सपाटीवर चाळीस-पन्नासने जाताना अर्धा बुजलेला फिल्टरही चालून जातो, कारण तेव्हा इंजिन पूर्ण श्वास मागतच नाही. मागतं ते दोघं बसून घाट चढताना. दुसरं, ३१ हजारांत सीव्हीटीचा, म्हणजे स्कूटरच्या आपोआप गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा, बेल्ट आणि रोलर कधी बदललेत का? रोलर एका बाजूने घासून चपटे झाले की ते ज्यात फिरतात तो व्हेरिएटर अडकतो आणि चढाला हवा तो गिअर मिळत नाही.

साखळीकर:
मेस्त्रीबाब, वाचून मी दोनदा विचार केला. बेळगावात गाडी अगदी छान पळते. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बेल्ट-रोलर कधीच बदललेले नाहीत. फिल्टर मात्र दर सर्व्हिसिंगला कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करून देतात.

मेस्त्री, डिचोली:
तिथेच घात झाला. या स्कूटरांचा फिल्टर बहुधा तेलात भिजवलेल्या कागदाचा असतो. त्याला हवा मारायची नसते, जुना झाला की फेकून नवा घालायचा. हवा मारली की तेल उडतं, कागद फाटतो आणि धूळ थेट आत जाते. गाडीच्या पुस्तिकेत ठरावीक किलोमीटर दिलेत, पण धुळीच्या रस्त्यावर त्याच्या आधीच बदला. पिस्टन-रिंगपर्यंत धूळ गेली की खर्च कुठल्या कुठे जातो.

वाळपईवाली:
उतरतानाचं पण सांगा ना कोणीतरी. माझा भाऊ तिथेच पडला होता.

मेस्त्री, डिचोली:
ताई, रेस पूर्ण सोडून उतरू नका. वेग फार कमी झाला की क्लच सुटतो, इंजिनाचा आधार जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेकचा ड्रम तापला की ब्रेक पकडत नाही. दाबून सोडा, पुन्हा दाबा, आणि ब्रेक ढिला वाटला तर कडेला थांबून गार होऊ द्या.

साखळीकर:
काल गाडी उघडली. फिल्टर लाल, नुसता केरीच्या मातीसारखा, एका घडीला चीर. सहा रोलरपैकी चार चपटे. फिल्टर, रोलर, बेल्ट तिन्ही नवे घातले. आज पहाटे एकटाच केरीपासून चोर्ल्यापर्यंत जाऊन आलो. त्याच वळणांना ४२. वर पोचता पोचता ३८-३९. तिथे चहा घेतला, चावी फिरवून पंपाचा आवाज थांबू दिला, मग बटण दाबलं. शनिवारी बायकोला मागे घेऊन किती वेग पडतो ते इथेच लिहितो.