लाल चौकोन सगळं चित्र एकाच कोपऱ्यात ओढतोय

धुळेकर: २४ × ३० इंचांचा कॅनव्हास, अ‍ॅक्रिलिक. केळीबागेचे हिरवे उभे पट्टे, खाली कपाशीची काळी जमीन, उजवीकडे वर कॅडमियम लाल चौकोन. नजर तिथेच अडकते. चौकोन लहान करू का?

तापीकाठ: लहान करून भागणार नाही, भाऊ. हिरव्याशेजारी लाल पेटतोच, त्यात कड धारदार. लालमध्ये किंचित हिरवा मिसळा, तो विटकरीकडे झुकेल. त्याचा पातळ थर द्या. डावीकडे खाली, काळ्यात, मूळ लालचा नखाएवढा ठिपका ठेवा, म्हणजे नजरेला परतीची वाट मिळते. मात्र बरोबर कर्णावर नको, चित्र तराजूसारखं थिजतं.

भुसावळची रंगपेटी: आधी मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. लाल-हिरवा एकाच करड्या छटेत दिसले, तर भांडण उजळपणाचं नाही, रंगाच्या तीव्रतेचं आहे. वाळलेली अ‍ॅक्रिलिकची कड ओल्या ब्रशने मोडत नाही. शेजारचा हिरवा कोरड्या ब्रशने लालवर ओढा. मे महिन्यात आपल्याकडे रंग पॅलेटवरच सुकतो, म्हणून रंगात थोडं रिटार्डर (रंग उशिरा सुकवणारं द्रव्य) घाला. जास्त झालं तर थर चिकट राहतो.

धुळेकर: फोटोत दोन्ही सारखेच करडे. आधी लाल मंद करतो, ठिपका नंतर.