कोलंबियाची १९४९ची लीग: पळवापळवी की खेळाडूंची पहिली खरी कमाई?

उजवा_हाफ
१९४९च्या कोलंबियन फुटबॉल मोसमाचा विषय निघाला की ‘पायरेट लीग’ म्हणजे चाच्यांची लीग हे बिरुद ठरलेलं. दुसऱ्यांचे खेळाडू पळवले, क्लबांना दमडी दिली नाही, फिफाने हाकललं, विषय संपला. मला हे पटत नाही. जो पैसा एरवी एका क्लबच्या तिजोरीतून दुसऱ्या क्लबच्या तिजोरीत जायचा, तो त्या मोसमात खेळाडूच्या खिशात गेला. बोंब त्याचीच होती.

मुळात झालं काय? व्यावसायिक क्लबांची संघटना दिमायोर जून १९४८मध्ये बारांकिया इथे स्थापन झाली आणि १५ ऑगस्टला लीग सुरू. पहिल्या वर्षी १० संघ, विजेता बोगोटाचा सांता फे. पण फिफाची मान्यता होती आदेफुटबोल या जुन्या राष्ट्रीय संघटनेला. दोघांचं फाटलं, आदेफुटबोलने दिमायोरला बाहेर काढलं, फिफाने निलंबन लादलं. आता फिफाच्या बाहेर असलेल्याला फिफाचे नियम कसे लावणार? ट्रान्सफर सर्टिफिकेट, म्हणजे खेळाडूला सोडल्याचा दाखला, मागायला नको, जुन्या क्लबला फी मोजायला नको. शिक्षेचीच सवलत झाली.

तिकडे अर्जेंटिनात १९४८च्या अखेरीस खेळाडू संपावर गेले होते. मागण्या साध्या: संघटनेला मान्यता, किमान वेतन, करार संपल्यावर मोकळीक. क्लबांनी उरलेल्या फेऱ्या हौशी पोरं उतरवून उरकल्या आणि पुढे पगारावर कमाल मर्यादा आणली. अशा वेळी बोगोटाच्या मियोनारिओस क्लबचे अध्यक्ष आल्फोन्सो सेन्योर यांनी कार्लोस आल्दाबेला खेळाडू आणायला ब्वेनोस आयरेसला धाडलं. जूनमध्ये आदोल्फो पेदेर्नेरा आला. ऑगस्टमध्ये तिथल्याच रिव्हर प्लेट क्लबचे नेस्तोर रोस्सी आणि आल्फ्रेदो दि स्तेफानो. याला पळवणं म्हणायचं?

करारनामा
हो, म्हणायचं. रिव्हरने दि स्तेफानोला आपल्या तालमीत वाढवला. १९४७ला त्याने २७ गोल करून लीग जिंकून दिली. दोन वर्षांनी तो उठून गेला आणि रिव्हरच्या हाती शून्य. पेदेर्नेराची गोष्ट वेगळी. तो तिशीत होता, रिव्हर सोडून आतलांता आणि उराकान हे क्लब करून झालं होतं. पण २३ वर्षांचा सेंटर फॉरवर्ड फुकट न्यायचा आणि वर त्याला कामगार चळवळ म्हणायचं, हे जरा जास्त होतं. क्लबांचं शोषण वाईट होतं, मान्य. त्याने सेन्योर संत ठरत नाहीत. ते तिकिटं विकत होते.

उजवा_हाफ
सेन्योरना संत कोण म्हणतंय? तिकिटं विकायलाच बसले होते. मुद्दा असा की त्यांना खेळाडूला बाजारभाव द्यावा लागला, कारण विकणारा क्लब मधे नव्हता.

आणि ‘करार’ हा शब्द जपून वापरा. इंग्लंडमध्ये करार एका वर्षाचा असायचा. वर्ष संपलं तरी क्लबने नाव ‘रिटेन’ यादीत ठेवलं की खेळाडू दुसरीकडे जाऊ शकत नसे. पगाराची कमाल मर्यादा आठवड्याला १२ पौंड, मग तुम्ही आंतरराष्ट्रीय खेळाडू असा की राखीव संघातले. म्हणून तर १९५०मध्ये स्टोक सिटीचे नील फ्रँकलिन आणि जॉर्ज माउंटफर्ड, मँचेस्टर युनायटेडचा चार्ली मिटन सांता फेकडे गेले. एकतर्फी बांधून ठेवण्याला करार म्हणत नाहीत.

लांब_पास
दोघेही कागदपत्रात अडकलात, जरा मैदानात या. १९४९ला १४ संघ होते, प्रत्येकाचे २६ सामने, विजयाला २ गुण. मियोनारिओस आणि देपोर्तिवो काली दोघांचे ४४ गुण झाले. म्हणजे ५२पैकी दोघांनी फक्त आठ-आठ सोडले! बरोबरी फोडायला दोन सामने झाले आणि दोन्ही मियोनारिओसने जिंकले.

कालीचा संघ अर्जेंटिनी नव्हता, पेरूचा होता: वालेरियानो लोपेस, माक्सिमो मोस्केरा, गियेर्मो बार्बादियो. ‘दि स्तेफानोची लीग’ म्हणणारे हे विसरतात. तो ऑगस्टमध्ये आला, निम्मा मोसम त्याच्याविनाच झाला. त्या वर्षी सर्वाधिक गोल मियोनारिओसच्याच पेद्रो काबियोनचे, ४२. दि स्तेफानोची खरी वर्षं १९५१ आणि १९५२, तेव्हा गोलांच्या यादीत तो वर होता.

पण ४२ हा आकडा बघून हुरळून जाऊ नका. लीगचं वय एक वर्ष. तीन-चार क्लबांनी अख्खी आक्रमणाची फळी बाहेरून आणली, बाकीच्यांची बचावफळी कालपर्यंत हौशी खेळणारी. त्यात बोगोटा २,६०० मीटरवर. किनाऱ्यावरून आलेला संघ तिथे दुसऱ्या हाफमध्ये धापा टाकतो. असे गोल युरोपातल्या गोलांशेजारी मांडता येत नाहीत.

करारनामा
लांब_पास यांनी माझंच काम सोपं केलं. कालपर्यंत हौशी खेळणारे ते कोलंबियन खेळाडू, त्यांचं काय झालं? १९५१ला लीग १८ संघांपर्यंत फुगली. कुकुताने उरुग्वेचे आणले, परेराने पॅराग्वेचे, बारांकियाच्या जुनियोरने ब्राझीलचा एलेनो दे फ्रेतास. तिकीटविक्रीवर हा पगार किती दिवस पुरणार? १९५४ला उरले १० संघ. फिफाच्या बाहेर असल्याने राष्ट्रीय संघाला १९५०च्या विश्वचषकाची दारं बंद. पाहुणे जेवून गेले, भांडी यजमानाने घासली.

थर्ड_स्लिप
मी क्रिकेटवाला, पण ओळखीचं वाटतंय म्हणून विचारतो. आपल्याकडे बीसीसीआयची मान्यता नसलेली इंडियन क्रिकेट लीग (आयसीएल) २००७मध्ये सुरू झाली, बीसीसीआयने तिकडे गेलेल्यांवर बंदी घातली आणि २००९मध्ये आयसीएलशी संबंध तोडणाऱ्यांना माफी दिली. कोलंबियात गेलेल्यांना माफी मिळाली का?

लांब_पास
देश पाहून. फ्रँकलिन काही आठवड्यांतच परतला. त्याच्यावर बंदी आली, नंतर हल सिटीला विकला गेला आणि सलग २७ सामने खेळलेला हा सेंटर हाफ इंग्लंडसाठी पुन्हा खेळला नाही. तो बोगोटाला गेल्यावर महिना-दीड महिन्यातच, २९ जून १९५०ला, बेलो होरिझोन्तेमध्ये इंग्लंड अमेरिकेकडून ०-१ हरलं. तो असता तर जिंकले असते असं म्हणणार नाही, मात्र बचावाच्या मधोमध खड्डा पडला होता हे खरं. मिटनने मोसम पुरा केला. परतल्यावर दंड, निलंबन आणि रवानगी फुलहॅमला.

आयसीएलशी फरक एक. तिथे बोर्डाने स्वतःची लीग काढून मात केली. कोलंबियात फिफाला तडजोड करावी लागली.

उजवा_हाफ
तीच तडजोड म्हणजे १९५१चा लिमा करार. बाहेरून आलेल्यांनी १५ ऑक्टोबर १९५४पर्यंत कोलंबियात खेळावं, मग मूळ क्लबकडे परत जावं. बदल्यात कोलंबिया फिफात परत. खरोखर चोरीचा माल असता तर फिफाने तो तीन वर्षं वापरायची मुभा दिली असती?

आणि ‘भांडी घासली’ म्हणता, तर १९६२चं चिली आठवा. कोलंबियाचा पहिला विश्वचषक, मार्कोस कोलचा थेट कॉर्नरवरून गोल, सोव्हिएत संघाशी ४-४. प्रशिक्षक कोण होता? आदोल्फो पेदेर्नेरा.

करारनामा
पेदेर्नेराचा मुद्दा चोख, दिला. पण पुढचा विश्वचषक थेट १९९०ला, तेही लिहा.

लिमा कराराचं म्हणाल तर तो संघटना-संघटनांत झाला. खेळाडू मूळ क्लबचाच, हे त्यात कायम राहिलं. म्हणजे तुमच्या ‘पहिल्या मुक्त खेळाडूंना’ परतीच्या तारखेसह उसने दिल्यासारखं झालं. फिफाने माल वापरायची मुभा दिली, मालकी नाही.

उजवा_हाफ
म्हणूनच १९५३चा गोंधळ झाला ना! दि स्तेफानोवर १९५४पर्यंतचा हक्क मियोनारिओसचा, त्यानंतरचा रिव्हरचा. बार्सिलोनाने रिव्हरशी बोलणी पक्की केली, रेआल माद्रिदने मियोनारिओसशी. स्पॅनिश फेडरेशनने तोडगा काढला, एक मोसम इकडे, एक तिकडे. शेवटी बार्सिलोनाने हक्क सोडला. पायरेट क्लबची सही निरर्थक असती, तर माद्रिदने बोगोटाला पैसे कशाला दिले?

करारनामा
कारण बोगोटाच्या सहीला वजन लिमा करारातून आलं, १९४९च्या मोसमातून नाही. आणि बघा, १९५३मध्येही पैसे रिव्हरला आणि मियोनारिओसला, दोन क्लबांना. चार वर्षांत गाडी पुन्हा त्याच स्टेशनावर.

लांब_पास
त्या चार वर्षांत पेदेर्नेरा आणि रोस्सी एका संघात, पुढे दि स्तेफानो, मागे १९५०पासून गोलमध्ये कोस्सी. मार्च १९५२मध्ये याच संघाने रेआल माद्रिदच्या सुवर्णमहोत्सवी स्पर्धेत त्यांना त्यांच्याच चामार्तिन मैदानावर ४-२ हरवलं. माद्रिदने दि स्तेफानोला प्रत्यक्ष पाहिलं ते तिथे. रिव्हरनेही त्याची अशी जाहिरात केली नसती.