चर्चा: ग्राउझच्या माळांवर मारले जाणारे शिकारी पक्षी, आणि परवान्याचा प्रश्न

माळकरी (धागाकर्ते):
आपल्याकडे हिवाळ्यात माळावर उतरणाऱ्या भोवत्या पक्ष्यांचा ब्रिटनमधला भाऊबंद म्हणजे हेन हॅरियर. १९५४ पासून तिथे त्याला कायद्याचे संरक्षण आहे. तरीही २०१३ मध्ये संपूर्ण इंग्लंडमध्ये त्याचे एकही घरटे यशस्वी झाले नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपग्रह-टॅग लावलेल्या ५८ पक्ष्यांपैकी ७२ टक्के पक्षी बेकायदेशीरपणे मारले गेले, किंवा तसे घडले असण्याची दाट शक्यता आहे, असा निष्कर्ष निघाला. कारण उघड आहे. हाकाऱ्यांकडून ग्राउझ (माळावर राहणारा तितरासारखा पक्षी) उठवून बंदुकीसमोर आणण्याच्या शिकारीला पक्ष्यांची संख्या अफाट लागते, आणि हॅरियर ग्राउझची पिल्ले खातो. माझे मत असे की परवान्याशिवाय ही शिकार होऊच नये आणि हॅरियरसारखा शिकारी पक्षी मारला गेल्यास परवाना जावा. स्कॉटलंडने २०२४ च्या कायद्याने हे केले. इंग्लंड अजून थांबले आहे.

बांधावरचा:
आपला मुद्दा एकतर्फी वाटतो. स्कॉटलंडमधील लँगहोम माळावर १९९२ ते १९९७ या काळात हॅरियरला निर्धोक राहू दिले, तेव्हा माद्या दोनावरून वीसवर गेल्या आणि ग्राउझची शिकार परवडेनाशी होऊन बंद पडली. त्यानंतर ग्राउझसाठी कोल्हे-कावळे आटोक्यात ठेवणारे माळाचे राखणदार गेले, कोल्हे आणि कावळे वाढले, आणि जमिनीवर घरटे करणाऱ्या हॅरियरचीच संख्या पुन्हा कोसळली. राखणदाराचा पगार शिकारीतून निघतो. शिकार संपवली तर हेदर, म्हणजे ग्राउझला आधार देणारी माळावरची झुडपे, कोण राखणार, हे पक्षिप्रेमींनी आधी सांगावे. दोन-चार गुन्हेगारांपायी संपूर्ण व्यवसायावर परवान्याचा बडगा उगारणे अन्यायाचे आहे.

माळकरी:
लँगहोमचा दाखला मला मान्य आहे, पण अर्धा. त्याच माळावर घरट्याजवळ मेलेले उंदीर आणि कोंबडीची पिल्ले ठेवून पाहिली, तेव्हा हॅरियरने उचललेल्या ग्राउझच्या पिल्लांची संख्या बरीच घटली. तोडगा उपलब्ध होता. ज्यांना तो नको होता, त्यांनी बंदूक निवडली. आणि ‘दोन-चार’ हा शब्द वरच्या आकड्यापुढे टिकत नाही.

कायदेपंडित:
दोघांनीही पुराव्याची अडचण बाजूला ठेवली आहे. २०१६ मध्ये स्कॉटलंडमधील स्ट्रॅथब्रान परिसरात एका सोनेरी गरुडाचा टॅग अचानक गप्प झाला. चार वर्षांनी, २०२० मध्ये, तो ब्रान नदीच्या काठी सापडला: पट्टे कापलेले, आणि वर शिशाचा पत्रा गुंडाळलेला. संदेश बाहेर जाऊ नये म्हणून शिसे वापरण्याइतकी अक्कल ज्याला आहे, तो साक्षीदार मागे ठेवत नाही. निर्मनुष्य माळावर कोणी केले हे संशयापलीकडे सिद्ध करणे जवळपास अशक्य. काही खटल्यांत तर चित्रफीत हाती असूनही, ती परवानगीशिवाय टिपली म्हणून पुराव्यातून बाद झाली. स्कॉटलंडमध्ये कमाल शिक्षा पाच वर्षे आहे, इंग्लंडमध्ये सहा महिने. पण आरोपच टिकत नसेल तर आकडा वाढवून काय उपयोग? परवान्याचा खरा फायदा इथे आहे: तो काढून घेताना दिवाणी निकष, म्हणजे ‘अधिक शक्यता कशाची’, पुरेसा होतो.

बांधावरचा:
आणि हीच माझी खरी भीती आहे. एखाद्याने शेजारच्या माळावरून आणून मेलेला पक्षी माझ्या हद्दीत टाकला, तर निव्वळ ‘अधिक शक्यते’वर माझा व्यवसाय बुडावा काय? गुन्हा न करणाऱ्याला शिक्षा होऊ नये, हे तत्त्व हॅरियरसाठी का सोडावे?

कायदेपंडित:
शंका रास्त आहे, मात्र परवाना म्हणजे तुरुंग नव्हे. अन्नपदार्थ विकणाऱ्यालाही परवाना लागतो आणि तो तपासणीत जातो; त्यासाठी फौजदारी खटला भरावा लागत नाही. निर्णयाविरुद्ध न्यायालयात जाण्याचा मार्गही खुला आहे. मला चिंता वाटते ती उलट बाजूची. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्कॉटलंडमध्ये परवान्याचे क्षेत्र संपूर्ण इस्टेटीऐवजी फक्त शिकारीच्या भागापुरते मर्यादित करण्यात आले. म्हणजे पक्षी चार शेते पलीकडे, झाडीत मारला, की परवान्याला झळ लागण्याची शक्यता कमी. हद्द आखणाऱ्यांनी ही फट बुजवावी, आणि मग बांधावरच्यांनी सांगावे की तरीही त्यांचा विरोध नेमका कशाला राहतो.

माळकरी:
त्याचबरोबर इस्टेटीच्या मालकावरची जबाबदारीही हवी. राखणदाराने केलेल्या अशा गुन्ह्यासाठी मालकाला जबाबदार धरण्याची तरतूद स्कॉटलंडमध्ये २०१२ पासून लागू आहे. इंग्लंडमध्ये ती नाही. तिथे सर्वांत कमी पगाराचा माणूसच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो.