मदत हवी आहे: दाखल्यावर ३६ टक्के, शाळा म्हणते कायदा लागूच नाही

नमस्कार मंडळी,

मुलगी पाचवीत आहे. सौम्य सेरेब्रल पाल्सी, उजव्या हाताची बोटं आखडतात. दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर ३६ टक्के. चाचणीत तिचा पेपर अर्धा राहतो. उत्तरं येतात हो, पण पेन्सिल आवळून धरून दुसऱ्या पानाशीच हात भरून येतो. जादा वेळ मागायला गेले तर मुख्याध्यापक म्हणाले, "ताई, चाळीसच्या खाली कायदा लागत नाही." २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याची प्रतच पुढे केली, कलम ३१ ला हिरवा मार्कर फासलेला.

घरी येऊन शिक्षणाचं प्रकरण दोनदा वाचलं. कलम ३१ मधला ६ ते १८ वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणाचा हक्क 'लक्षणीय दिव्यांगत्व' असणाऱ्यांनाच, म्हणजे ४० टक्के आणि वर. इथवर सरांचं बरोबर. पण कलम १६ आणि १७ मध्ये तो शब्दच नाही, नुसतं 'दिव्यांग मुलं', 'दिव्यांग विद्यार्थी'. आणि परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक हे सगळं १७ मध्येच आहे! मी चुकीचं वाचतेय का?

हा फरक मुद्दाम ठेवलाय की नजरचुकीने राहिलाय, म्हणून विधेयकाचा प्रवास शोधत बसले. फेब्रुवारी २०१४ मध्ये राज्यसभेत मांडलं (नशीब तिथे, लोकसभेत मांडलं असतं तर निवडणुकीनंतरच्या विसर्जनात बुडालं असतं), मग स्थायी समिती, मग एकदम डिसेंबर २०१६: १४ ला राज्यसभा, १६ ला लोकसभा. शेवटी सरकारी दुरुस्त्या शंभरावर. त्या गर्दीत ४० टक्क्यांची अट घुसली का? कोणी दोन्ही मसुदे ताडून पाहिलेत?

सोमवारी अर्ज द्यायचाय.

प्रतिसाद:
अट घुसलेली नाही, २०१४ च्या मसुद्यातही होती. दुरुस्त्यांत बदललं ते वेगळंच: दिव्यांगत्वाच्या १९ प्रकारांचे २१ झाले, आणि कायदा मोडल्याबद्दलची कैद जाऊन नुसता दंड राहिला (हे मला अजून पटलेलं नाही, असो).

तुमचं वाचन बरोबर आहे. कलम २ मध्ये दोन स्वतंत्र व्याख्या आहेत आणि 'दिव्यांग व्यक्ती'च्या व्याख्येत टक्केवारी नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी प्रकरणात हेच धरलं. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता, आणि लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही असं न्यायालय म्हणालं. अर्जात हे टाका. कलम ३१ चं नावही घेऊ नका, नाहीतर गाडी परत तिथेच अडकेल. एक खाच मात्र आहे: १७ ची जबाबदारी शासन आणि स्थानिक प्राधिकरणावर आहे, म्हणून एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या.

दाखल्यात लिहिण्याची अडचण नोंदलेली आहे का?

मूळ धागाकर्ती:
आत्ता काढून बघितला. 'उजवी बाजू' एवढंच आहे, हाताचा की पायाचा उल्लेखच नाही. आधी डॉक्टरांकडून वेगळं पत्र घेते. म्हणजे अर्ज सोमवारी नाही, गुरुवारी. पहिली घटक चाचणी त्यानंतर आहे, बरं झालं.