स्वस्त पिस्तूल: पारखून घेतलं तर भरवशाचं, की मुळातच नको?

गंजकाढ्या

"स्वस्त पिस्तूल म्हणजे खेळणं, पाचव्या गोळीला अडकणारच." नेमबाजीच्या रेंजवर हे इतक्यांदा ऐकलंय की आता एकदाचं लिहूनच टाकतो. माझं म्हणणं असं, की अशी जी पिस्तुलं बदनाम होतात त्यातली बरीचशी मुळात बिघडलेली नसतात. त्यांचं मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायचा डबा, बिघडलेलं असतं.

कंपनी पैसे कुठे वाचवते ते बघा. नळीत फारसं वाचवता येत नाही, कारण दाब तिलाच सोसायचा असतो. मग वाचवायचं मॅगझिनच्या पत्र्यात, स्प्रिंगमध्ये आणि फिनिशिंगमध्ये. मॅगझिनचे वरचे दोन ओठ गोळीला धरून ठेवतात. त्यातला एक केसभर जरी फाकला तरी गोळीचं नाक वाकडं होऊन रॅम्पवर, म्हणजे नळीत शिरायच्या उतारावर, आपटतं, आणि मालक सांगत सुटतो की पिस्तूल अडकलं.

हाय-पॉइंटचं सी-९ घ्या. नऊ मिलिमीटरचं, साधं ब्लोबॅक. नळी आणि स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) यांना एकत्र धरणारं कुलूप त्यात नाहीच, दाब उतरेपर्यंत स्लाइडनं निव्वळ आपल्या वजनावर थोपवून धरायचं. म्हणून ती स्लाइड विटेसारखी. दिसायला ध्यान आहे, पण भाग कमी आणि त्यामुळे भानगडीही कमी. त्यातही लोकांची रड असते ती मॅगझिनचीच.

माझ्याकडे एक जुनं स्वस्त पिस्तूल आहे (नाव नको, वाद नको). त्याच्या तीन मॅगझिनना नेलपॉलिशनं १, २, ३ आकडे टाकले आणि प्रत्येक अडकणं वहीत टिपलं. अकरा वेळा अडकलं, त्यातलं नऊ वेळा २ नंबरवर. २ नंबर फेकून दिलं. पुढचे ३०० राउंड (म्हणजे गोळ्या) एकदाही खोळंबा नाही.

देखभालीचं म्हणाल तर तेल कमी आणि पुसणं जास्त. चेंबर (गोळी बसते तो कप्पा), एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे रिकामी पुंगळी बाहेर ओढणाऱ्या भागाच्या, हुकाखाली साचलेली काजळी, रॅम्प. फायरिंग पिनची (काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या कांडीची) पोकळी कोरडीच ठेवायची, तिथे तेल गेलं की त्यात काजळी बसते, चिखल होतो आणि पिन हळू आपटते. एवढं केलं आणि ३०० राउंड सुरळीत गेले, की माझ्या लेखी ते पिस्तूल भरवशाचं.

तिरकस

म्हणजे कंपनीनं तुम्हाला पाऊण पिस्तूल विकलं आणि उरलेलं पाव तुम्ही नेलपॉलिश लावून पूर्ण केलंत. अभिनंदन.

जुना आर्मोरर

गंजकाढ्या, मी आर्मोरर, हत्यारं दुरुस्त करणारा. मॅगझिनचं बरोबर आहे. बाकीचं तुम्ही फार सोपं करून टाकलंत.

पुसून धातू बदलत नाही. १९७० मध्ये आलेलं रेव्हनचं एमपी-२५, मग लॉर्सिन, ब्रायको, ही सगळी अमेरिकन पिस्तुलं जस्ताच्या मिश्रधातूची, झमॅकची, साच्यात ओतलेली. झमॅक चारशे अंश सेल्सिअसच्या आतच वितळतं. पोलादाला चौदाशेच्या आसपास न्यावं लागतं. पिस्तूल काही चारशेपर्यंत तापत नाही हे मलाही कळतं, पण पोलादाला पाणी देऊन टणक करता येतं तसं याला करता येत नाही. स्ट्रायकर, म्हणजे स्प्रिंगच्या जोरावर काडतुसावर आदळणारा भाग, ज्या कडेवर अडकून उभा राहतो ती कड झमॅकची असेल तर हळूहळू गोल होते. एक दिवस ती सुटते, आणि तेव्हा चापावर बोट असेलच असं नाही. वेल्डिंग, ठोकून कड काढणं, असले पोलादावरचे इलाज इथे चालत नाहीत. तडा गेला की भंगार. नळी साफ करायचं अमोनियावालं द्रावण वरच्या निकेलच्या मुलाम्याखाली शिरलं तर पापुद्रे सुटतात ते वेगळंच. इलिनॉयसारख्या राज्यांनी तर कायद्यातच वितळणबिंदूची अट घातली, ८०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४२७ सेल्सिअस. त्यामागे राजकारण होतं हे मान्य, पण आकडा कोणत्या धातूवर नेम धरून ठरवलाय ते उघड आहे.

आता रचना. ब्रायकोच्या ३८ मॉडेलमध्ये चेंबर रिकामं करायचं तर सेफ्टी आधी 'फायर'वर न्यावी लागायची. १९९४ मध्ये असंच रिकामं करताना गोळी सुटली आणि सात वर्षांचा मुलगा कायमचा लुळा झाला. २००३ मध्ये ज्युरीनं कंपनीला जबाबदार धरलं, कंपनीनं दिवाळं जाहीर केलं. त्या पिस्तुलातून तुम्ही ३०० राउंड सुरळीत उडवले असते आणि वहीत लिहिलं असतं, "भरवशाचं."

अडकत नाही आणि धोकादायक नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या वहीत पहिलीच येते.

गंजकाढ्या

काका, धातूचं मान्य. पण महाग म्हणजे निर्धोक, हे कुठून आणलंत?

अमेरिकी सैन्यानं १९८५ मध्ये बेरेटा ९२ निवडलं. १९८७-८८ मध्ये त्याच्या स्लाइड तुटून मागचा तुकडा नेमबाजाच्या तोंडावर आल्याच्या घटना घडल्या. सिगचं पी-३२० जानेवारी २०१७ मध्ये सैन्यानं घेतलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाजारातल्या पी-३२० साठी कंपनीला मोफत सुधारणा जाहीर करावी लागली, कारण ठराविक कोनात पडलं तर गोळी सुटत होती. ठरलेल्या चाचण्या ते पास झालं होतं बरं का. त्या चाचणीत तो कोनच नव्हता.

जुना आर्मोरर

उदाहरणं चांगली दिलीत, पण ती माझ्या बाजूची आहेत. बेरेटानं काय केलं? घोड्याच्या (मागच्या हातोडीच्या) पिनेचं डोकं मोठं केलं, म्हणजे स्लाइड तुटली तरी तिथेच अडकेल. सिगनं आतले भाग बदलून दिले. ब्रायकोनं काय केलं? दिवाळं. कारखाना पुढे लिलावात तिथल्याच एका जुन्या माणसानं घेतला आणि तशीच पिस्तुलं दुसऱ्या नावानं निघायला लागली.

त्यात अमेरिकेतली गंमत अशी, की तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या कक्षेतून बंदुका कायद्यानंच बाहेर ठेवल्यात. टोस्टर सदोष निघाला तर सरकार तो परत मागवायला लावू शकतं, पिस्तूल नाही. मग मागे उभं कोण राहणार? कंपनी. ती उभी राहण्याइतकी धड आहे का, हाही विश्वासार्हतेचाच भाग.

तिरकस

टॉरस विसरलात. २०१५ च्या सुमारास जवळपास दहा लाख पिस्तुलांबद्दल कोर्टात तडजोड, दोष कबूल न करता. ती कंपनी महागही नाही आणि दिवाळखोरही नाही. आता ती कोणाच्या बाजूची?

मोजपट्टी

मला त्या "३०० राउंड, म्हणजे भरवशाचं" मध्ये शिरायचंय.

एकदाही न अडकता ३०० राउंड गेले तर ९५ टक्के खात्रीनं एवढंच म्हणता येतं, की अडकण्याचं प्रमाण १ टक्क्याच्या वर नसावं. साधा हिशेब आहे, तीनाला राउंडच्या संख्येनं भागा. २०० असतील तर दीड टक्का. १ टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण दहा गोळ्यांच्या मॅगझिनमध्ये एकदा तरी अडकण्याची शक्यता त्यानं साडेनऊ टक्क्यांवर जाते. भरवसा म्हणताना मनात "हजारात एक" असेल, तर ३००० राउंड सुरळीत जायला हवेत. तेवढ्या काडतुसांच्या खर्चात ते स्वस्त पिस्तूल स्वस्त राहत नाही, आणि तोवर रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला परत पुढे ढकलणारी) थकलेली असते. स्प्रिंग बदलली की मोजणी पुन्हा शून्यापासून. काडतुसाचा ब्रँड बदललात तरी तेच.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यातली चाचणी बघा. ६०० राउंड, त्यात जास्तीत जास्त सहा बिघाड चालतात, पहिल्या २० मध्ये एकही नाही. शिवाय काँक्रीटवर एक मीटर एक सेंटिमीटरवरून पाडून बघतात. म्हणजे कायद्यालाही १ टक्का मान्यच आहे. ती चाचणी "भरवशाचं" म्हणत नाही, "अगदीच टाकाऊ नाही" म्हणते.

आणि ते अकरात नऊ. २ नंबरमधून राउंड किती गेले होते? तेच मॅगझिन सगळ्यात जास्त वापरलं असेल तर अडकणंही तिथेच जास्त दिसणार. भाजक सांगा, मग मॅगझिनला शिक्षा करा.

रेंजवरची आत्या

सगळे ऑटोमॅटिकवरच, म्हणजे मॅगझिनवाल्या पिस्तुलांवरच, भांडताय. आणि हातात कोण धरतंय ते कोणी विचारत नाही. हलकं पिस्तूल ढिल्या मनगटानं धरलं तर स्लाइडला मागे जायला आधारच मिळत नाही आणि पुंगळी दारात उभी अडकते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांचं "खराब" पिस्तूल मी हातात घेते, दोन मॅगझिन उडवते, काही होत नाही. मग माझ्यावर रुसतात.

शिकणाऱ्यांना मी स्वस्तातलं रिव्हॉल्व्हर सुचवते, पण डोळे उघडे ठेवून. रिव्हॉल्व्हर अडकत नाही हे खोटं. पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या मागच्या चांदणीखाली न जळलेल्या दारूचे चार कण बसले की सिलिंडर (गोळ्यांचं फिरतं चक्र) घट्ट होतो आणि फिरायचंच नाव घेत नाही. म्हणून पुंगळ्या काढताना नळी आभाळाकडे, कचरा खाली पडतो. घ्यायच्या आधी रिकामं आहे हे दोनदा बघा, मग घोडा पाडून चाप दाबूनच ठेवा आणि सिलिंडर हलवा. किंचित हलतो, ते चालतं. खुळखुळा वाजला तर परत द्या. नळी आणि सिलिंडरमधली फट साधारण ०.१० ते ०.२० मिलिमीटर हवी. जास्त असेल तर बाजूला उभ्या असलेल्याच्या गालावर शिशाचे कण लागतात, मला लागलेत.

नवखा

मी जुनं स्वस्त ९ मिमी बघतोय. आर्मोररकाका, थेट सांगा, घेऊ का?

जुना आर्मोरर

नका घेऊ.

घेणारच असाल, तर चकाकी बघू नका. स्लाइड काढायला लावा. पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीचे कोपरे भिंगाखाली बघा, तडा तिथूनच सुरू होतो. नळीतून उजेडाकडे बघा. मध्येच काळसर कडं दिसलं तर आधी एक गोळी आत अडकली होती आणि मागून दुसरी सोडली गेली, नळी फुगलीय. फायरिंग पिनच्या भोकाभोवती खड्डे आहेत का? स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी ठेवून उंची बघा. जस्ताच्या पिस्तुलाचा चाप रिकामा ओढत बसू नका, त्यानं स्ट्रायकर तुटतात. विकणारा समोर ओढून दाखवायला लागला तर तो रोजच ओढतो असं समजा.

मग ५० राउंड उडवा आणि पुंगळ्या गोळा करा. लोक लक्ष्याचा कागद घरी नेतात, मी पुंगळ्या नेतो. बुडाशी एका बाजूला पोट सुटलंय का, पिनेचा ठसा मधोमध आहे की कडेला सरकलाय, कडेवर एक्स्ट्रॅक्टरनं ओरबाडलंय का. पिस्तूल बोलतं ते तिथे.

मोजपट्टी

"स्वस्त" दोन प्रकारचं असतं, हे नवखा यांनी लक्षात घ्यावं. एक, बनवतानाच स्वस्त. दुसरं, बनवताना धड पण सैन्यानं लाखांनी काढून टाकल्यामुळे स्वस्त झालेलं. मकारोव्ह हे दुसऱ्यातलं: पोलादी, १९५१ मध्ये सोव्हिएत सैन्यात आलं, तेही साधं ब्लोबॅकच. त्याची भीती झिजेपेक्षा जुन्या काडतुसांची. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी असते, तिच्यातल्या रसायनातून नळीत क्षार राहतात, हवेतला ओलावा ओढतात आणि रातोरात गंज धरतो. तेलात ते विरघळत नाहीत. आधी गरम पाणी, मग कोरडं, मग तेल. काका, या जातीला तुमचा "नका घेऊ" लागू आहे का?

जुना आर्मोरर

नाही. मकारोव्ह घ्या, स्प्रिंग बदला, माझ्याशी भांडू नका.

गंजकाढ्या

वही काढली. २ नंबरमधून १४० राउंड, त्यात नऊदा. १ आणि ३ मधून मिळून ३१०, त्यात दोनदा. म्हणजे मॅगझिनची शिक्षा कायम. "३०० ला भरवसा" मागे घेतो, मोजपट्टींचा हिशेब खोडता येत नाही.

मोजपट्टी

भाजक दिल्याबद्दल आभार. हे पटलं.

जुना आर्मोरर

आणि ती उरलेली दोन?

गंजकाढ्या

एक १ नंबरवर, एक ३ वर. दोन्हीसमोर लिहिलंय, "पुंगळी चेंबरमध्येच राहिली."

जुना आर्मोरर

मग तो मॅगझिनचा दोष नव्हेच. एक्स्ट्रॅक्टर काढा आणि हुकाची कड नखानं चाचपा. बोथट लागली तर ते ३०० राउंड तो नशिबानं ओढत होता.

गंजकाढ्या

काढला. बोथट आहे.