ट्रम्पेट सोलो: वरचा सूर फाटतो

प्रश्न (कोथरूड): मुलगी आठवीत आहे. २६ जानेवारीला शाळेच्या बँडमध्ये १६ बारचा (बार म्हणजे तालाचा एक छोटा भाग) सोलो आहे. वरचा सूर दरवेळी फाटतो. काय करावं?

उत्तर: ताई, बहुतेक ती माउथपीस ओठांवर दाबत असणार. दाबामुळे ओठ थरथरत नाहीत. आधी ५ मिनिटं नुसता माउथपीस वाजवू दे. मग मेट्रोनोम (टिकटिक करून लय देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून फक्त अवघड २ बार. सलग ३ वेळा स्वच्छ आले की वेग ४ने वाढवा. जितकं वाजवलं तितकीच विश्रांती. ओठ सुजले की त्या दिवशी बंद!

उत्तर: पुण्यात जानेवारीची सकाळ गार, आणि थंड वाद्याचा सूर उतरतो. आधी वाद्यात नुसती गरम हवा फुंकायची. तरी उतरलेलाच असेल तर ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) किंचित आत. व्हॉल्व्हला (बोटांनी दाबायच्या कळांना) २-३ थेंब व्हॉल्व्ह ऑइलच. खोबरेल थंडीत गोठतं.